कालयंत्र आणि कल्पनेचा हिशेब

अवकाशात मनुष्यास बरीच मोकळीक आहे. काळात मात्र तो बंदिवान आहे. घरून शाळेत यावे, शाळेतून घरी जावे, मनात आल्यास वाटेत नदीकाठी घटकाभर थांबावे, हे सर्व त्याच्या इच्छेवर आहे. परंतु कालच्या दिवसात परत पाऊल टाकणे किंवा पुढील महिन्यातील प्रश्नपत्रिका आज वाचून येणे कोणासही साधत नाही. ह्या बंदिवासातून निदान कल्पनेने तरी सुटावे अशी इच्छा मनुष्यास झाली, तर त्यात नवल ते काय? कालयंत्रे, कृष्णविवरे, समांतर विश्वे आणि ताऱ्यांमधील भुयारे यांच्या कथांनी व चित्रपटांनी आज आमच्या विद्यार्थ्यांची मने व्यापून टाकली आहेत, त्याचे मूळ ह्या इच्छेत आहे.

ह्या नादाविषयी पालकवर्गात दोन पक्ष दिसतात. एक पक्ष म्हणतो, ही सर्व गंधर्वनगरी आहे. तीत रमणारा मुलगा अभ्यासास मुकतो. यास्तव असली पुस्तके व चित्रे त्याच्या दृष्टीस पडू देऊ नयेत. दुसऱ्या पक्षास, मुलगा चहाच्या वेळी पाहुण्यांपुढे कृष्णविवरांविषयी घडाघडा बोलू लागला की तो शास्त्रज्ञ झालाच असे वाटते. आमच्या मते दोन्ही पक्ष चुकतात. पहिला पक्ष कल्पनेस घराबाहेर काढतो, तर दुसरा तिला काही न विचारता घरची मालकीण करून टाकतो. आमचे म्हणणे असे की, कल्पनेस मोकळीक द्यावी, पण तिच्याकडून हिशेब मागावा.

हा हिशेब कसा मागावा? दुकानदाराच्या वहीत जशी निरनिराळी खाती असतात, तशी काळ व अवकाश यांविषयीच्या प्रत्येक विधानासाठी तीन खाती असावीत. पहिले खाते मोजलेल्या गोष्टींचे, दुसरे गणिताने निघालेल्या परंतु अद्याप न मोजलेल्या गोष्टींचे, आणि तिसरे केवळ कल्पिलेल्या गोष्टींचे. तिन्ही खाती आदरणीय आहेत. दोष उत्पन्न होतो तो एका खात्याची रक्कम दुसऱ्यात मांडली जाते तेव्हा.

प्रथम पहिले खाते पाहू, कारण ते पुष्कळांस वाटते त्याहून अधिक चमत्कारिक आहे. आइन्स्टाइन यांनी इ. स. १९०५ साली असे प्रतिपादन केले की, वेगाने जाणाऱ्या घड्याळाचा काळ स्थिर घड्याळाच्या मानाने मंद चालतो. समजा, चार प्रकाशवर्षे दूर असलेल्या एका ताऱ्याकडे एक प्रवासी प्रकाशाच्या चार पंचमांश वेगाने निघाला. पृथ्वीवरील घड्याळाप्रमाणे त्यास जाण्यास पाच वर्षे व परत येण्यास पाच वर्षे लागतील. त्याच्या स्वतःच्या घड्याळात मात्र जातानाची तीन व येतानाची तीन, अशी सहाच वर्षे सरतील. तो परत येईल तेव्हा त्याचा जुळा भाऊ त्याच्याहून चार वर्षांनी वडील झालेला असेल! एवढ्या वेगाचे यान कोणी बांधलेले नाही. परंतु ज्या नियमावरून हे गणित मांडले तो नियम पुनःपुन्हा मोजून पाहिलेला आहे. १९७१ साली हाफेले व कीटिंग या दोघा अमेरिकन शास्त्रज्ञांनी अणुघड्याळे सामान्य प्रवासी विमानांतून पृथ्वीभोवती फिरवून आणली. पूर्वेकडे गेलेली घड्याळे जमिनीवरील घड्याळाच्या मानाने सुमारे ५९ नॅनोसेकंद मागे पडली, आणि पश्चिमेकडे गेलेली सुमारे २७३ नॅनोसेकंद पुढे गेली. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जांश भाग. ह्या आकड्यांत वेग व पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण या दोहोंचा परिणाम एकत्र आहे, आणि तो सिद्धान्ताशी जुळला.

हा परिणाम आता घरोघर उपयोगात आहे. मार्ग दाखविणारे जे उपग्रह आकाशात फिरतात आणि ज्यांच्या आधारे खिशातील फोन आपणांस गल्लीबोळ सांगतो, त्यांवरील घड्याळे पृथ्वीवरील घड्याळांपेक्षा दररोज सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जाऊ पाहतात. एवढ्याशा अवधीत प्रकाश अकरा किलोमीटरांहून अधिक अंतर तोडतो. ही तफावत हिशेबात धरली नाही, तर फोन आपणांस भलत्याच गावी नेऊन सोडील. तेव्हा भविष्याकडे थोडेसे लवकर जाणे ही परीकथा राहिलेली नाही; विमानातील प्रत्येक प्रवासी काळाच्या बाबतीत आपल्याहून केसाच्याही कोट्यंश भागाएवढा निराळा चालत असतो. आमच्या विद्यार्थ्यांनी ह्या खात्यापासून आरंभ करावा, कारण येथील आश्चर्य उसने आणलेले नाही.

आता दुसरे खाते. हे खाते मोठ्या कसोटीचे आहे. गणित म्हणते, 'असे असू शकेल'; निसर्ग अद्याप 'असे आहे' म्हणालेला नसतो. १९३५ साली आइन्स्टाइन व रोझेन यांना आपल्या समीकरणांत अवकाशाचे दोन भाग जोडणारा एक पूल आढळला. १९४९ साली गोडेल या तर्कशास्त्रज्ञाने आइन्स्टाइन यांच्याच समीकरणांतून असे एक फिरते विश्व काढून दाखविले की, ज्यात पुरेसे लांब जाणारा प्रवासी आपल्याच भूतकाळात परत येईल. गणितात चूक नव्हती. परंतु आपले विश्व तसे फिरत असल्याचा पुरावा मिळालेला नाही. एखादा नकाशा बिनचूक काढलेला असावा, पण तसा देश पृथ्वीवर कोठेच नसावा, त्यातला हा प्रकार होय.

ह्या खात्यात एक गोष्ट अशी आहे की ती प्रत्येक शिक्षकाने वर्गात सांगावी. कार्ल सेगन या ज्योतिर्विदास आपल्या 'काँटॅक्ट' या कादंबरीतील नायिकेस दूरच्या ताऱ्यापर्यंत नेऊन आणावयाचे होते. त्याने प्रथम कृष्णविवराचा मार्ग योजिला होता. ते हस्तलिखित किप थॉर्न या पदार्थविज्ञानवेत्त्याकडे गेले, तेव्हा त्याने सांगितले की ह्या मार्गाने प्रवासी जिवंत पार पडणार नाही. आणि गणित करून त्याऐवजी अवकाशातील भुयार, ज्यास इंग्रजीत 'वर्महोल' म्हणतात, ते सुचविले. कादंबरी १९८५ साली प्रसिद्ध झाली. थॉर्न मात्र तेवढ्यावर थांबला नाही. मॉरिस नामक आपल्या विद्यार्थ्यासह त्याने त्या भुयाराचे गणित पुढे नेले, आणि १९८८ साली ते पदार्थविज्ञानाच्या शिक्षकांसाठी निघणाऱ्या एका अमेरिकन नियतकालिकात प्रसिद्ध केले. निष्कर्ष असा निघाला की, भुयार उघडे ठेवावयाचे तर ऋण ऊर्जा असलेला विलक्षण पदार्थ लागेल. आणि असा पदार्थ हवा तितका कोठे मिळतो हे कोणास ठाऊक नाही. एका कादंबरीकाराने प्रामाणिक प्रश्न विचारला आणि त्यातून गणिताचे एक नवे प्रकरण सुरू झाले, हे ध्यानात ठेवावे. कल्पना व गणित यांची सोयरीक कशी व्हावी याचा हा उत्तम दाखला होय.

असे भुयार कालयंत्र होऊ शकेल काय, असाही प्रश्न पुढे आला. नातवाने भूतकाळात जाऊन आजोबांचे लग्नच मोडले, तर नातू आला कोठून? १९९२ साली स्टीफन हॉकिंग यांनी असा तर्क मांडला की, निसर्गाचे नियमच अशी यंत्रे होऊ देत नसावेत. तो तर्क अद्याप सिद्ध झालेला नाही. हॉकिंग यांनी पुढे एक विनोदही केला. २८ जून २००९ रोजी त्यांनी कालप्रवाशांसाठी मेजवानी ठेविली आणि तिची निमंत्रणे मेजवानी उरकल्यावर प्रसिद्ध केली. कोणी आले नाही. ह्यावरून काही सिद्ध होत नाही, हे हॉकिंग पूर्णपणे जाणून होते. आमच्या विद्यार्थ्यांनीही जाणावे.

दुसऱ्या खात्यातील नोंदी कायमच्या तेथे राहतात असे मात्र नव्हे. आइन्स्टाइन यांनी १९१६ साली वर्तविलेल्या गुरुत्वीय लहरी जवळजवळ शंभर वर्षे केवळ कागदावर होत्या. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील दोन वेधशाळांनी त्या प्रत्यक्ष टिपल्या, आणि ती नोंद पहिल्या खात्यात गेली. ह्या कार्याबद्दल २०१७ साली ज्या तिघांस नोबेल पारितोषिक मिळाले, त्यांत वर सांगितलेला थॉर्न होता. तशाच प्रकारची एक वेधशाळा आपल्या महाराष्ट्रात, हिंगोली जिल्ह्यात, उभारण्यास केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली आहे. चार चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा असलेले हे यंत्र औंढा नागनाथाच्या परिसरात चालू होईल, तेव्हा तेथे काम करणारी मुले आज कोठे तरी आठवीनववीच्या बाकावर बसलेली असतील. ती आमच्या शाळेतील का नसावीत?

आता राहिले तिसरे खाते, निव्वळ कल्पनेचे. हे खाते सर्वांत हलके, असे आमचे मत मुळीच नाही. १८८४ साली एडविन ॲबट नावाच्या इंग्रज गृहस्थाने 'फ्लॅटलँड' हे छोटेसे पुस्तक लिहिले. त्यातील नायक एक चौकोन आहे. तो केवळ लांबी व रुंदी असलेल्या सपाट जगात राहतो, आणि 'वर' हा शब्द त्याच्या आकलनापलीकडचा आहे. एक गोल त्याच्या जगातून आरपार जाऊ लागतो, तेव्हा त्यास एक बिंदू दिसतो, मग वाढत जाणारे वर्तुळ, मग लहान होत जाणारे, आणि अखेर काहीच नाही. हे वाचून कोणत्या मुलाच्या मनात येणार नाही की, आपणही एखाद्या मोठ्या जगाच्या सपाट पृष्ठावर राहत असू? ॲबट हा लंडनमधील एका शाळेचा मुख्याध्यापक व धर्मोपदेशक होता. शाळामास्तरांस कल्पनाशक्ती नसते असे ज्यांस वाटते, त्यांनी हे नाव टिपून ठेवावे.

पुढे १८९५ साली वेल्स याची 'द टाइम मशीन' ही कादंबरी निघाली. काळ ही चौथी मिती आहे, असे तीत एक पात्र आपल्या मित्रांस समजावून सांगते. त्यानंतर तेरा वर्षांनी, १९०८ साली, आइन्स्टाइनचेच एके काळचे गुरू मिंकोव्स्की यांनी कोलोन येथील व्याख्यानात अवकाश व काळ यांचा एकजीव असा गणिती सिद्धान्त मांडला. ह्यावरून वेल्सने शोध आधीच लावला होता असे जे कोणी म्हणतील, ते खात्यांचा घोळ करतील. वेल्सने दार रंगविले. मिंकोव्स्कीने ते बसविले व त्यातून जाण्याची रीत सांगितली. दोन्ही कामे चांगली, पण ती एक नव्हेत.

आमच्या चाणाक्ष विद्यार्थ्यांनी वेल्सच्या यंत्रास एक प्रश्न विचारून पाहावा. हे यंत्र जागच्या जागी राहून काळात पुढे जाते म्हणतात. परंतु पृथ्वी सूर्याभोवती दर सेकंदास सुमारे ३० किलोमीटर वेगाने धावत आहे. यंत्र खरोखरच स्थिर राहिले, तर एका तासाने पृथ्वी त्याला सोडून १,०८,००० किलोमीटर दूर गेलेली असेल, आणि बिचारा प्रवासी निर्वात पोकळीत उतरेल! मग 'जागच्या जागी' म्हणजे कोणाच्या मानाने जागच्या जागी? पृथ्वीच्या, सूर्याच्या, की आकाशगंगेच्या? ह्या प्रश्नावर विद्यार्थी विचार करू लागला, की तो नकळत सापेक्षतेच्या उंबरठ्यावर येऊन उभा राहतो. चांगल्या कल्पितकथेची आमची कसोटी हीच. तिने एखाददुसऱ्या गोष्टीत निसर्गाकडून सवलत घ्यावी, पण उरलेला हिशेब चोख द्यावा. आणि वाचकास पुस्तक मिटल्यावर एखादा प्रश्न वहीत लिहावासा वाटावा.

ह्या कसोटीस उतरणारे आदर्श मराठीत नाहीत असे कोणी समजू नये. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा पहिली आली. लेखकाचे नाव नारायण विनायक जगताप असे होते. पुढे उघड झाले की हे लेखक म्हणजे जगद्विख्यात खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत विष्णु नारळीकर! आपल्या कीर्तीकडे पाहून परीक्षकांनी गुण देऊ नयेत म्हणून त्यांनी आपली आद्याक्षरे उलटी करून हे नाव घेतले होते. ज्याने आयुष्य पहिल्या व दुसऱ्या खात्यात घालविले, त्यास तिसऱ्या खात्यात उतरताना कमीपणा वाटला नाही. पण त्याने आपल्या शास्त्रीय अधिकाराचा शिक्का कथेवर मारला नाही. खाती अलग ठेवणे म्हणतात ते हेच. त्यांचे गुरू फ्रेड हॉइल हेही कादंबरीकार होते. हॉइल यांनी बाँडी व गोल्ड यांच्यासह १९४८ साली असा सिद्धान्त मांडला की, विश्वास आरंभ नाही. ते प्रसरण पावते तसतसे नवे द्रव्य उत्पन्न होते. प्रतिपक्षाच्या सिद्धान्तास 'बिग बँग', म्हणजे महास्फोट, हे नावही हॉइल यांनीच १९४९ साली रेडिओवरील भाषणात दिले. १९६५ साली पेन्झियास व विल्सन यांना सर्व दिशांनी येणारा मंद सूक्ष्मलहरींचा प्रकाश आढळल्याचे प्रसिद्ध झाले, आणि बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाच्या पक्षास गेले. डॉ. नारळीकर २० मे २०२५ रोजी पुण्यात निवर्तले. अखेरपर्यंत ते प्रचलित मतास प्रश्न विचारीत राहिले, परंतु निरीक्षण कोणते आणि अनुमान कोणते हे सांगण्यास ते कधी चुकले नाहीत. बहुमताविरुद्ध उभे राहणाऱ्यासही हिशेब द्यावा लागतो, आणि तो दिला म्हणजे त्याचा मान जात नाही.

खात्यांचा घोळ झाल्यास काय होते, याचेही उदाहरण आमच्यापुढे आहे. १० सप्टेंबर २००८ रोजी जिनेव्हाजवळील प्रचंड कणवेगवर्धक यंत्र सुरू झाले. त्यातून कृष्णविवर उत्पन्न होऊन पृथ्वी गिळली जाईल, अशी आवई त्यापूर्वी उठली. आपल्या देशातील काही दूरचित्रवाणी वाहिन्यांनी ती दिवसच्या दिवस घोळविली, आणि कित्येक घरांत मुले रात्री झोपेनाशी झाली. वस्तुतः त्या यंत्रातील टकरींहून जोरदार टकरी विश्वकिरणांमुळे पृथ्वीच्या वातावरणात कोट्यवधी वर्षे होत आल्या आहेत, आणि पृथ्वी जागच्या जागी आहे. एवढे एक वाक्य सांगणारा मनुष्य ज्या घरात होता, त्या घरातील मुले शांत झोपली. खाती अलग ठेवणे हा केवळ पंडिती काटेकोरपणा नसून लेकरांच्या झोपेचा प्रश्न आहे, तो असा.

दुसरा एक घोळ अधिक नाजूक आहे, तरी तो सांगणे आमचे कर्तव्य आहे. राजा रैवत आपल्या कन्येसह ब्रह्मदेवाच्या सभेत गेला व परत आला तो पृथ्वीवर युगे लोटलेली होती, ही पुराणकथा फार सुंदर आहे. तीवरून आमच्या पूर्वजांस सापेक्षतावाद ठाऊक होता असे कित्येक म्हणतात. आमच्या ख्रिस्ती समाजातही पवित्र शास्त्रातील एखादे वचन घेऊन त्यात नव्या विज्ञानाचा दाखला पाहणारे आहेत. दोघांसही आमची विनंती एकच. श्रद्धेचा व काव्याचा मान त्यांच्या जागी आहे. त्यांस प्रयोगशाळेचे प्रशस्तिपत्र कशास हवे? विश्वाच्या प्रसरणाचा विचार १९२७ साली मांडणारे जॉर्ज लमेत्र हे स्वतः कॅथॉलिक धर्मगुरू होते. तथापि आपला सिद्धान्त धर्माचा पुरावा म्हणून पुढे करणे त्यांस पसंत नव्हते. तो धर्मप्रश्नांपासून सर्वस्वी अलग आहे, असे ते म्हणत. श्रद्धावान मनुष्याची ही सचोटी आम्हांस अनुकरणीय वाटते.

आता कोणी म्हणेल, शालान्त परीक्षेत ह्या तीन खात्यांस गुण किती? आम्ही उलट विचारतो, उत्तर पाठ केलेले आणि उत्तर समजलेले यांतील भेद ज्यास कळला नाही, त्याचे गुण किती दिवस टिकतील? 'हे मी मोजले', 'हे मी काढले' आणि 'हे मला वाटते' ही तीन वाक्ये वेगवेगळी उच्चारण्याची सवय ज्या मुलास लागली, तो पुढे वैद्य होवो, वकील होवो, की बाजारात दुकान थाटो, त्याच्या शब्दावर लोक विश्वास ठेवतील.

यास्तव आमची सूचना अशी आहे. पालकांनी असली पुस्तके हिसकावून घेऊ नयेत. चित्रपट मुलांबरोबर बसून पाहावा आणि तो संपल्यावर विचारावे, 'ह्यातले मोजलेले कोणते, गणिताचे कोणते, आणि रचलेले कोणते?' उत्तर स्वतःस ठाऊक नसले तरी हरकत नाही. दोघांनी मिळून शोधावे. विद्यार्थ्यांनी कालप्रवासाच्या कथा अवश्य लिहाव्यात आणि ह्या वार्षिकासाठी पाठवाव्यात. मात्र कथेच्या शेवटी पानभर जागा राखून तीन खाती मांडावीत. गणिताच्या व विज्ञानाच्या शिक्षकांनी ती तपासावीत आणि भाषेच्या शिक्षकांनी कथा तपासावी. ज्याची कथा रंजक व हिशेब चोख, त्यास आम्ही मोठ्या आनंदाने ह्या पानांत जागा देऊ.

काळात मागे जाण्याचे यंत्र कोणाच्या हाती लागेल तेव्हा लागो. तोवर प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाट्यास रोज चोवीस तास येतात, आणि ते एकाच दिशेने जातात. त्यांतील काही कल्पनेस द्यावेत, काही गणितास द्यावेत. आणि रात्री दिवा मालविण्यापूर्वी दोहोंचा हिशेब जुळतो की नाही हे पाहून निजावे.